तुझा वेनराव, माझा वेनराव

शैलाताई,

परवा हॉलमध्ये तुझ्या शोकसभेला जो बोलायला उठला तो हेच सांगत होता, की तू त्याला किती जवळची होतीस. मराठी मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, शैला म्हणजे माझी सख्खी बहीण. तुझ्या लायब्ररीतली ती चिनी मैत्रीण इंग्रजीत काहीतरी बोलली आणि सगळे रडता रडता हसले. मला कळलं नाही, म्हणून मी जरा उशिरा हसले. मागच्या रांगेत कॉफीच्या थर्मासशेजारी बसले होते. रडू येत होतं ते खरंच, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त जळफळाट होत होता. वाटत होतं उठावं आणि म्हणावं, गप बसा सगळे, तुम्हाला काय माहिती आहे ती!

उठले नाही अर्थात. मी कुठे उठते.

कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षबाईंनी माझी कुणाशी तरी ओळख करून दिली. म्हणाल्या, "या शैलाकडे पोळ्या करायच्या त्या मावशी." आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्हीही द्या ना चार ओळी शैलावर, मंडळाच्या अंकासाठी, जमेल तसं."

जमेल तसं! आठवीत शाळा सुटली माझी, पण लिहिता-वाचता येतं मला. तर हे घे, चार ओळींपेक्षा जास्त होणार आहेत. छापायचं तर छापू देत, नाहीतर राहू देत. लिहितेय तुला.

बाहेर पार्किंगमध्ये माझा गणेश गाडी काढत होता, तेवढ्यात तुझी रेवा आली. तिने मला घट्ट धरलं. म्हणाली, "मंगलमावशी, उद्या याल? मला तुमचे सॅटर्डेज सांगा ना. आई फोनवर नेहमी म्हणायची, शनिवारी मला डिस्टर्ब नको करू, मंगल असते."

मी हो म्हटलं. पण गाडीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं, काही सांगायचं नाही. तुझं घर तिचं, फोटो तिचे, त्या कपाटभर साड्या तिच्या. तुझी पस्तीस-चाळीस वर्षं तिची. मला शनिवार मिळाले होते, ते मी कुणाला देणार नाही. हे असं ठरवलं मी ताई, तुझ्या लेकीच्या बाबतीत, तुझा शोक चालू असताना.

तू म्हणायचीस, "मंगल, तू फार जळकी आहेस." आहेच.

आपली ओळख आठवते? मी इकडे परदेशात, अर्विंगला येऊन थोडेच दिवस झाले होते. गणेश आणि सून कामावर गेले की मी दाराची साखळी लावून बसायचे. त्या दिवशी लाल मिरच्यांची फोडणी दिली आणि छताला लावलेलं ते धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. मला वाटलं आता पोलीस येतील, गणेशची नोकरी जाईल, आम्हाला सगळ्यांना परत पाठवतील. हातात ओला टॉवेल घेऊन मी अनवाणीच बाहेर पळाले. समोरच्या दारातून तू आलीस. काही न विचारता आत गेलीस, खिडकी उघडलीस, खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने वारा घातलास. यंत्र गप्प झालं. मी विचारलं, "पोलीस येतील का हो?"

तू कढईत डोकावलीस. "आले तर त्यांनाही वाढू. आमटी आहे ना?"

मी हसले. या देशात आल्यापासून पहिल्यांदा.

मग शनिवार सुरू झाले. तुझी मनगटं दुखायची, लाटणं धरवत नव्हतं. तू म्हणालीस, "तू लाट, मी भाजते." मी चपाती म्हणायचे, तू पोळी म्हणायचीस, तव्यावर एकच पडायचं. आधी इकडतिकडच्या गप्पा झाल्या. तू पुण्याची, मी बार्शीकडची, ओळखीचं कुणी निघेना. तुला येऊन जन्म लोटलेला, मला महिना झालेला. शेवटी गप्पा संपल्या आणि नुसताच लाटण्याचा आवाज राहिला. तेव्हा तू म्हणालीस, "गोष्ट सांगू? चीनमधली. तलवारीची."

मी म्हटलं, "मारामारीची गोष्ट कशाला? टीव्ही आहे की."

"यातला माणूस मारामारी करत नाही. त्याला भीड पडते."

तलवारबाज आणि भिडस्त! मला हसू आलं. तुझ्या त्या चिनी मैत्रिणीने तुला लायब्ररीत असताना दिलेली ती कादंबरी, जाडजूड चार खंड, इंग्रजीत आणलेली. त्यातला हा माणूस, सगळ्यात तरबेज आणि सगळ्यात मवाळ. कुणी अंगावर धावून आलं की हा आधी अर्धं पाऊल मागे घेणार, मग म्हणणार, "माफ करा." आणि एवढं म्हणेपर्यंत समोरच्याची तलवार जमिनीवर. त्या खानावळीतले चार गुंड आठवतात? याने एकाच्याही अंगाला ओरखडा काढला नाही, नुसत्या चौघांच्या नाड्या कापल्या. चौघं विजारी धरून पळाले आणि हा खानावळवाल्याचं मोडलेलं टेबल दुरुस्त करत बसला. मी लाटणं ठेवून हसत होते आणि तव्यावर चपाती जळत होती.

त्याचं नाव वेन. तू म्हणालीस, ते आडनाव आहे, त्यांच्यात आडनाव आधी. मी म्हटलं, "मग नुसतं आडनावाने काय हाक मारायची, शाळेतल्या मास्तरांनी मारल्यासारखी? वेनराव म्हणू." तू इतकी हसलीस, की डोळ्यांना पदर लावलास. त्या दिवसापासून तो वेनराव. नाव आदराचं आणि बोलणं एकेरी, घरातल्या माणसासारखं.

मला तो आवडला, पण त्याहून आधी मला त्याचा राग आला, हे तुला ठाऊक नसेल. त्याच्याबद्दल बोलताना तुझा चेहरा उजळायचा. तशी तू माझ्याबद्दल कुणाशी बोलली असशील का? कागदातला माणूस, तोही परका, आणि मी इथे हाडामांसाची समोर उभी. तू म्हणायचीस, "वेनरावचा काय तो संयम!" आणि मी मनात म्हणायचे, आमच्यात पण आहे की संयम. तू भाजलेल्या प्रत्येक चपातीचा काठ कच्चा असतो, बोलले का मी कधी?

आणि ते कपाट. एकदा धूळ पुसताना मी पहिला खंड काढून उघडला. आतल्या पानावर लहान मुलाच्या वाकड्या अक्षरात रेवाचं नाव होतं. तू म्हणालीस, "ही पुस्तकं मी रेवाला रोज झोपताना वाचून दाखवली. तिचं बालपण वेनबरोबर गेलं." वेन. माझ्यासमोर वेनराव आणि लेकीच्या आठवणीत वेन. मी पुस्तक परत ठेवलं. म्हणजे खरी गोष्ट पुस्तकातली, तिला मिळाली. मला मिळतेय ती तव्याजवळची, ऐकीव. उरलेली.

तुझी रेवा महिन्यातून एकदा शुगर लँडहून यायची. पुलांची तपासणी करते म्हणे, दोरीला लटकून पुलाच्या पोटाखाली जाते. मला एस्केलेटरवर पाय टाकायला भीती वाटते. ती आली की तू मराठीत बोलायचीस, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि तुमच्या दोघींचं सगळं एकमेकींना कळायचं. ती आली की मी लवकर निघायचे. "थांब की जेवायला," तू म्हणायचीस. "नको, गणेशला भाजी करायचीय." गणेश त्या दिवशी बाहेर जेवायचा असला तरी.

पण तुझं-माझं खरं भांडण झालं ते लग्नावरून.

वेनरावचं गुरूच्या मुलीवर लहानपणापासून प्रेम. दोघं एका आखाड्यात वाढलेले. आणि तिचं लग्न ठरतं दुसऱ्याशी. लग्नाच्या मांडवात हा उभा राहतो, नवऱ्यामुलाच्या पेल्यात स्वतःच्या हाताने दारू ओततो आणि हसतो. आतून बाहेरून हसतो, असं तू सांगितलंस.

मी लाटणं आपटलं. "खोटं आहे हे."

"काय खोटं?"

"माणूस जळल्याशिवाय राहतच नाही. निदान त्याचा हात तरी थरथरला असेल."

"नाही थरथरला."

"मग त्याचं प्रेमच नव्हतं."

"मंगल, सगळेच जळत नाहीत गं."

"जळतात. काही जण दाखवत नाहीत. तुझा वेनराव लबाड आहे."

तू तव्यावरची पोळी उलटलीस आणि म्हणालीस, "त्याला ती आनंदात असलेली हवी होती. त्याच्यामुळेच आनंदात असायला हवी, असं नव्हतं त्याचं." मला हे पुस्तकी वाटलं. तसं बोलले मी. पुढे किती शनिवार तोच वाद. तू शांतपणे बोलायचीस, मी चिडून. मी म्हणायचे, ज्याला गमवायची भीती नाही त्याच्याकडे काही नसतंच. तू म्हणायचीस, भीती म्हणजेच प्रेम असं थोडंच आहे? मी म्हणायचे, माझ्यापुरतं आहे. तू त्यावर एकदाही, मंगल तू शिकलेली नाहीस, तुला कळणार नाही, असं म्हणाली नाहीस. असं न म्हणणारी शिकलेली माणसं मला फार भेटलेली नाहीत ताई. माझ्या वादाला तू वाद समजलीस. हे देणं मी कशाने फेडू?

त्याच लग्नाच्या रात्री मांडवात मारेकरी शिरतात. नवऱ्यामुलाच्या पाठीवर तलवार येते आणि वेनराव मध्ये पडतो. तू इथे थांबलीस. माझा हात लाटण्यावरच थांबला. मी प्रत्येक शनिवारी विचारायचे, तसंच विचारलं, "त्याला काही होणार नाही ना?" माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्या आठवड्यात मी धड जेवत नव्हते.

तू पोळी उलटलीस, पुन्हा उलटलीस. मग म्हणालीस, "नाही गं. तलवार बरगडीवरून घसरली. खोल जखम झाली, पण वाचला."

मी सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, "मग सांग पुढे."

आणि तू पुढे सांगायला लागलीस. जरा अडखळत, पण लागलीस.

पुढे वेनराव जखम बांधून दक्षिणेला निघतो आणि एका मोठ्या नदीच्या काठी येतो. तिथे होड्या लागतात, आणि धक्क्यावर एका बाईची चहाची टपरी. तिला नाव नाही, नुसती चहावाली. तिथून पुढे काय झालं तुला, वेनराव हलेचना! जरा कुठे डोंगरात जाऊन एखाद्या गुंडाची फजिती करून यायचा की परत टपरीवर. ती बाई वीज चमकली की घाबरायची, घोडा खिंकाळला की घाबरायची, सरकारी टोपीचा माणूस दिसला की चहाची किटली घेऊन टपरीमागे लपायची. होडीत तर जन्मात बसली नव्हती. वेनराव तिला कधी म्हणायचा नाही, की घाबरू नकोस. तो बाकावर बसायचा आणि चहा निवेपर्यंत बसून राहायचा. चहा निवला की दुसरा मागायचा.

मला ती बाई मुळीच आवडायची नाही. मी म्हणायचे, "ताई, पुरे झाली ही चहावाली. काय ती घाबरट! वेनरावसारख्या माणसाने हिच्यापाशी वेळ कशाला घालवायचा?"

"तिच्याकडे बसलं की त्याला बरं वाटतं."

"असं काय आहे तिच्यात?"

"चहा चांगला करते," तू म्हणालीस आणि तोंड फिरवून तव्याकडे बघत राहिलीस.

तू तिच्याबद्दल इतक्या मायेने बोलायचीस, की मला राग यायचा. वेनरावचं मी एक वेळ समजून घेतलं होतं. पण ही कोण कुठली चहावाली, शाळेचं तोंड न पाहिलेली, भित्री, हिच्यावर तुझा एवढा जीव? मला आठवतं, ज्या आठवड्यात तू मला गाडी धुवायच्या त्या बोगद्यात नेलंस, दोन्हीकडून ते मोठमोठे ब्रश अंगावर आले आणि मी किंचाळून तुझा हात धरला तो बाहेर पडेपर्यंत सोडला नाही, त्याच शनिवारी गोष्टीत वादळ आलं. चहावालीने उलट्या होडीखाली वेनरावचा हात धरून ठेवला. आणि मी तुला काय म्हटलं? "बघ बाई! एवढंसं वारं आलं तर काय हा तमाशा!" तू खोकल्याचं निमित्त करून पाणी प्यायला गेलीस.

शेवटच्या शनिवारी वेनराव पलीकडच्या काठावर गेला होता. नदी फुगत होती. तू म्हणालीस, आज दमले, पुढचं नंतर. मी म्हटलं, "बरं झालं. पलीकडे गेला तर जरा तिच्यापासून सुटला." हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं, ताई. गुरुवारी सकाळी समोर अँब्युलन्स दिसली तेव्हा तू गेलेली होतीस. झोपेतच हृदय थांबलं म्हणाले.

काल दुपारी मी रेवाकडे गेले, काही सांगायचं नाही असं ठरवून. घरभर खोकी. ती जमिनीवर बसून पुस्तकं भरत होती. बहुतेक सगळी लायब्ररीला द्यायची म्हणाली. मग तिने तो जाड पहिला खंड काढला, छातीशी धरला आणि वेगळ्या खोक्यात ठेवला. मला राहवलं नाही.

"ती चिनी पुस्तकं तू नेणार?"

"ऑफ कोर्स, मावशी. तुम्हाला माहितीयेत ही?"

"माहिती म्हणजे? वेनराव सध्या कुठे आहे ते मला विचार."

"वेन-राव?" तिचा हात थांबला. "आईने तुम्हाला स्टोरी सांगितली?"

"सगळी," मी म्हटलं. अगदी तोऱ्यात म्हटलं. "नदीपर्यंत."

"कुठली नदी?"

"होड्यांची. चहावाली असते ना धक्क्यावर, ती."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, देअर इज नो चहावाली."

मला वाटलं, हिला आठवत नसेल. मीच तिला आठवण करून दिली. लग्नात मारेकरी येतात, वेनराव मध्ये पडतो, तलवार बरगडीवरून घसरते…

"नाही घसरत." तिचा आवाज बारीक झाला. "ही डाइज, मावशी. बुक टू. लग्नाच्या नाइटला. नंतर दोन बुक्स आहेत, त्यात तो नाहीच."

मी तिथल्या खोक्यावरच बसले.

"मी नऊ वर्षांची होते. मी खूप रडले. आय बेग्ड हर. म्हटलं, आई, वाच की तो वाचला, प्लीज. ती म्हणाली, नाही रेवा, पुस्तकात आहे ते आहे, आपण नाही बदलायचं." रेवाने बाहीने नाक पुसलं. "शी वुडन्ट चेंज वन वर्ड फॉर मी. आणि तुमच्यासाठी तिने त्याला… किती दिवस?"

"दीड वर्ष झालं असेल."

"दीड वर्ष!"

ताई, तिचा तो चेहरा. ओठ आवळलेले, नजर पुस्तकावर. तो चेहरा मी ओळखते, न्हाणीघराच्या आरशात पाहिलाय. तुझी लेक माझ्यावर जळत होती! आणि मला काय झालं सांगू? त्या रडणाऱ्या पोरीसमोर मला आनंद झाला. पुस्तकातलं तिला. पण तू तुझ्या मनचं दिलंस ते मला. लायब्ररीत जन्म घालवलेली बाई तू, एक शब्द इकडचा तिकडे न करणारी. माझ्यासाठी मेलेला माणूस उठवलास आणि शनिवारच्या शनिवार त्याला चालवत राहिलीस. कधी जुळवायचीस गं ते? आठवडाभर? की तव्यापुढे उभं राहूनच?

"मला सांगाल?" रेवा म्हणाली. "नसेल सांगायचं तर इट्स ओके."

नव्हतंच सांगायचं. तिने पुन्हा विचारलं नाही. खोकं बंदही केलं नाही. नुसती बसून राहिली. खिडकीतून ऊन आत आलं, सरकून तिच्या पायांपर्यंत गेलं. तिने मध्ये एकदा उठून माझ्यासाठी पाणी आणलं आणि परत तिथेच बसली. तुझी मुलगी वाईट नाही ताई. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

मग मी सांगितलं. तलवार घसरली इथपासून. जखम, दक्षिणेचा रस्ता, नदी, टपरी, टोपीवाले शिपाई, वादळ, उलटी होडी. तुझ्यासारखं जमलं नाही. मध्येच विसरायचे, मागे जायचे, रेवा म्हणायची, "वेट, वेट, मग किटली कुणाकडे?" आणि ती चहावाली टपरीमागे लपते ते मी सांगत होते, तेव्हा ती एकदम म्हणाली, "मावशी, दॅट्स यू."

"कोण?"

"चहावाली. तुम्ही आहात ती."

"मी कशाला असेन? ती केवढी घाबरट आहे!"

रेवा खो खो हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले म्हणाली. मी मात्र चिडले होते. मग गाडी धुवायचा तो बोगदा आठवला. मग ते वादळ आठवलं. मी कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. कुणाकुणावर जळले होते मी, ताई. आणि तू पाणी प्यायला जात होतीस.

सांगता सांगता मी तुझ्या शेवटच्या शनिवारी येऊन पोचले. वेनराव पलीकडे, नदी फुगलेली.

"मग?" रेवा म्हणाली.

मी सांगायला हवं होतं, की बाई, इथे संपलं, तुझी आई इथेच थांबली. तोंड उघडलं ते हेच सांगायला. पण निघालं भलतंच. "मग पाणी उतरलं. वेनराव परत आला. बघतो तर त्याच्या बाकावर दुसराच कुणी प्रवासी बसलेला. चहावाली त्याच्याशी हसून बोलतेय आणि चहा दिलाय तोही वेनरावच्या पेल्यात. वेनराव लांबच उभा राहिला. आणि जन्मात पहिल्यांदा, कुणी अंगावर आलेलं नसताना, त्याचा हात तलवारीच्या मुठीवर गेला."

"नो!" रेवा ताठ बसली. "ही वुडन्ट."

"का नाही? माणूस आहे ना तो?"

"वेन असं नाही करणार, मावशी. त्याला ती हॅपी पाहिजे ना? मग तो कशाला जेलस होईल?"

"न जळता कुणी प्रेम करतं होय?"

"करतात! आईला विचा—"

ती थांबली. बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. तिचे डोळे भरले, माझे भरलेलेच होते. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं आणि तू नव्हतीस.

"बरं," मी म्हटलं, "मुठीवर हात गेलाय. आता मागे नाही घेता येणार मला. तूच सांग, मग त्याने काय केलं?"

"मी? मावशी, माझं मराठी…"

"कसंही सांग."

तिने डोळे पुसले. खोक्याला टेकून बसली, छताकडे बघितलं आणि सुरुवात केली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. क्रियापदं सगळी चुकीची. पण वेनराव त्या धक्क्यावर उभा राहिलेला मला दिसायला लागला, त्याची बोटंसुद्धा दिसली. कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळतं, आवाज कुठे खाली घ्यायचा ते कळतं.

फार छान सांगते गं तुझी लेक. मला मुळीच आवडलं नाही.